उरलेले एक किलो नऊशे ग्राम

चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा आमच्या प्रधानांनी हसता हसता अर्धा कप शर्टावर घेतला होता. आणि एक अट आहे. मध्येच कुणी "अहो, हे तर उघड होतं" असं म्हणायचं नाही. उघड होतं हे आता मलाही माहीत आहे. तेव्हा मात्र तीन आठवडे माझी जी तंतरली होती ना, ती माझी मलाच ठाऊक!

मी फिजिक्स शिकवतो. खारघरच्या एका ज्युनिअर कॉलेजात, तेवीस वर्षं झाली. पनवेलमध्ये रिक्षात बसलो तर रिक्षावाला माझा विद्यार्थी निघतो, बँकेत गेलो तर काउंटरवरची मुलगी. प्रॅक्टिकलच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर दोनच शब्द लिहितो: झिरो एरर. म्हणजे काय? तर कुठलंही माप घेण्याआधी बघा, तुमचं साधन खरंच शून्यापासून सुरू होतंय का. होत नसेल तर किती सरकलंय ते लिहा आणि उत्तरातून वजा करा. ज्याने लिहिलं नाही त्याचे दोन मार्क गेले. रडलात तरी गेले. पोरं माझ्या पाठीमागे मला 'झिरो सर' म्हणतात. म्हणू देत.

आता सुधीर. हा माझा शाळेपासूनचा मित्र, रोडपालीला राहतो, कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. घरीसुद्धा क्वालिटी कंट्रोललाच असतो. त्याने ठरवलं, आपण दोघांनी व्हिएतनामला जायचं. तिथे सायकली भाड्याने घ्यायच्या आणि किनाऱ्याकिनाऱ्याने आठ दिवस चालवायच्या. मध्ये एक मोठा घाट. सामान म्हणजे प्रत्येकी एकच बॅग, सीटच्या मागे बांधायची.

मी लगेच हो म्हटलं. अहो, पन्नाशी दोन वर्षांवर आली. पासपोर्ट काढून सात वर्षं झाली आणि त्यावर एक शिक्का नाही! कोराकरकरीत. कधी कधी मी तो कपाटातून काढून नुसता उघडून बघायचो आणि परत ठेवायचो. मला जायचं होतं. अगदी पोटातून जायचं होतं.

पण सुधीरची अट होती. त्यालाही कारण होतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही सायकलने अलिबागला निघालो तेव्हा माझ्या कॅरियरवर चौदा किलो सामान होतं. त्यात उशी होती. हो, उशी! मला दुसऱ्याच्या उशीवर झोप येत नाही. कर्नाळ्याच्या चढावर मी सायकलवरून उतरलो, मग बसलो, मग आडवा झालो. उशी होतीच. पुढचा सगळा रस्ता माझं सामान सुधीरने वाहिलं आणि तो एक शब्द बोलला नाही. ते जास्त लागतं हो.

तर या वेळी तो म्हणाला, "आधी बॅग, मग तिकीट. चौथ्या रविवारी मी काटा घेऊन तुझ्या घरी येतो. बॅग सहा किलोच्या आत पाहिजे. एक ग्राम वर गेला, तर तुझ्या जागी निखिल."

निखिल म्हणजे सुधीरचा मेहुणा. वय एकतीस. रोज पहाटे पळतो आणि ओट्स खातो. अशा माणसाच्या पुढे मी माझं व्हिएतनाम ठेवणार होतो का? शक्यच नाही!

तर पहिली गोष्ट म्हणजे हलकी बॅग. नवी घ्यायची तर किंमत ऐकूनच दुकानातून बाहेर आलो. मग फोनवर जुनी विकायला असलेली दिसली. आपटा गावात. एका शनिवारी दुपारी स्कूटर काढली आणि गेलो.

आता इथून पुढे जरा गंभीरपणे ऐका.

घर पाताळगंगेच्या अगदी काठाला. दुपारचे अडीच-तीन. चिटपाखरू नाही. वारा नाही. नदीचं पाणी हलत नव्हतं. घराचं दार अर्धवट उघडं आणि पडवीत, उंच खिळ्यावर, ती बॅग. एकटीच लटकत होती आणि वारा नसतानाही किंचित फिरत होती.

एक म्हातारी बाहेर आली. मी म्हटलं, "बॅगेसाठी आलोय."

तिने कोपऱ्यातली काठी घेतली, काठीनेच बॅग खिळ्यावरून काढली आणि काठीवरच माझ्यापुढे धरली. हात म्हणून लावला नाही.

"कुणाची आहे?" मी विचारलं.

"पोराची. तो आता सायकल चालवत नाय."

"का हो?"

"बॅग भरायचा, काट्यावर चढायचा, काढायचा. परत भरायचा, परत चढायचा. रोज. मंग एक दिवस बसला तो बसलाच."

मी म्हटलं, "आता कुठे आहे?"

तिने मागच्या अंधाऱ्या खोलीकडे हनुवटी केली. "आत हाय."

आणि आतून आवाज आला. श्वासाचा. लांब, जड, घरघरणारा श्वास. आत जायचा, बराच वेळ तिथेच थांबायचा, आणि मग सुस्कारत बाहेर यायचा. मी पैसे दिले. निघताना ती म्हणाली, "परत आनू नका. आमी परत घेनार नाय."

घरी येईपर्यंत मी मागे बघितलं नाही. मागे बॅगच होती ना, बांधलेली!

आता वजन. स्वयंपाकघरातला छोटा काटा पाच किलोपर्यंतच. बेडरूममध्ये आपण उभं राहतो तो काटा आहे, पण त्याच्यावर नुसती बॅग ठेवली की आकडे झाकले जातात आणि हलक्या वजनाला तो जागाही होत नाही. मग मी शास्त्रशुद्ध पद्धत काढली. आधी मी एकटा चढलो. बहात्तर किलो. दाराच्या मागे पेन्सिलीने लिहून टाकलं. मग बॅग घेऊन चढलो. अठ्ठ्याहत्तर किलो तीनशे. वजाबाकी करा. सहा किलो तीनशे! पहिल्याच फटक्यात फक्त तीनशे ग्राम जास्त. मी इतका खूश झालो की वैशालीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, चहा करून दिला.

मग छाटणी सुरू झाली. टूथब्रशची दांडी कापली. साबण चतकोर. कंगवा अर्धा, कारण केसही अर्धेच राहिलेत. चड्ड्यांच्या आतली लेबलं कापली. चार्जरची वायर आखूड आणली. प्रत्येक गोष्ट स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजली. चारशे ग्राम गेले. म्हणजे बॅग आता पाच किलो नऊशे. जिंकलो!

त्याच सुमाराला बातमी फुटली. वैशालीने लिफ्टमध्ये कुणाला तरी सांगितलं की हे व्हिएतनामला जाणार. झालं! आपल्याकडे परदेशी जाणाऱ्या माणसाला घरी बोलावून जेवू घातल्याशिवाय सोडतात का? पहिलं आमंत्रण वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंचं.

"अहो सर, तिथे काय खाणार तुम्ही? बेडूक?" असं म्हणत काकूंनी तिसरी पुरणपोळी वाढली.

चार दिवसांनी खात्री करायला मी परत काट्यावर चढलो. अठ्ठ्याहत्तर किलो सहाशे.

मी परत चढलो. तेवढंच. म्हणजे बॅग सहा किलो सहाशे! अहो, मी चारशे ग्राम काढले होते आणि वजन तीनशेने वाढलं होतं. मी बॅग उलटी केली, झटकली. आत काही नाही. वैशालीला विचारलं, "तू यात काही घातलंस? चिवडा? लाडू?"

"मी कशाला हात लावू त्या मेलीला? आपट्याहून आणल्यापासून घरात ओल्या मातीचा वास येतोय."

वास मलाही येत होता. मी तिला सांगितलं नव्हतं.

अजून सातशे ग्राम काढले. दुसरी पँट गेली. रेनकोटची टोपी गेली. मोज्यांचा एक जोड गेला. त्या आठवड्यात एक दिवसाआड कुठे ना कुठे जेवण होतं, त्यामुळे वजन करायला सवडच नव्हती. स्टाफने मटण-भाकरी केली, खालच्या मजल्यावर मोदक झाले. बुधवारी सवड मिळाली तेव्हा चढलो.

एकोणऐंशी किलो शंभर. बॅग सात किलो शंभर.

मी तिथेच जमिनीवर बसलो. बॅगेतली एकेक वस्तू काढली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. चड्डी, शर्ट, पंप, पंक्चरचं सामान, औषधं. मग घडी करून रिकामी बॅगही ठेवली. सगळ्याची बेरीज केली. पाच किलो दोनशे. परत केली. पाच किलो दोनशे.

समजतंय का तुम्हाला? सुटं सुटं मोजलं तर पाच किलो दोनशे. तेच सगळं बॅगेत भरून मी पाठीला घेतलं की सात किलो शंभर. मधले एक किलो नऊशे ग्राम कुठून आले? मी तेवीस वर्षं पोरांना शिकवतो की वस्तुमान हवेतून येत नाही. मग हे उरलेले एक किलो नऊशे ग्राम कुणाचे?

बॅग भरताना आतल्या चोरकप्प्यात बोट गेलं. कागद लागला. आजवर कधी लागला नव्हता! चौकटींच्या वहीचा घडी घातलेला तुकडा. पेन्सिलीने लिहिलेलं: ८४.१. खाली ८४.९. खाली ८५.७. खाली ८६.८. आणि सगळ्याच्या खाली दोन शब्द: 'अजून वाढतंय.'

मी तो कागद जसा होता तसा घडी करून कप्प्यात ढकलला, चेन लावली आणि हात साबणाने धुतले. दोनदा.

आता असं काही झालं की माणूस कुणाशी तरी बोलतो. मी बोललो खारघरच्या मावशींशी. वैशालीची मावशी, बाविसाव्या मजल्यावर राहते, तिथून सगळा डोंगर दिसतो. जेवायला तिने बोलावलंच होतं. मी हळूच विषय काढला.

मावशीचा डाव हवेतच थांबला. "वापरलेली बॅग घेतलीत, जावईबापू?"

"हो."

"चुकलात. वस्तूत माणसाचं काहीतरी राहतं. माझ्या नणंदेने जुना पलंग घेतला होता. पहिली रात्र ठीक गेली. दुसऱ्या रात्रीपासून पलंग एका बाजूला झुकायला लागला. कुणी बसल्यासारखा."

"मग?"

"आधी श्रीखंड घ्या."

घेतलं. "मग काय झालं?"

"तिसऱ्या रात्री नणंदेने दिवा लावून बघितलं, तर... पुरी घ्या ना! दोनच काय!"

"मावशी, दिवा लावून काय बघितलं?"

"गादीला खळगा. माणसाच्या आकाराचा. ऊन ऊन. श्रीखंड संपवा ते, ठेवायचं नाही."

सांगतो तुम्हाला, भीतीने माणसाला भूक लागते. त्या दिवशी मी अकरा पुऱ्या खाल्ल्या आणि किती खाल्ल्या ते मला घरी येईपर्यंत कळलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी अजून एक किलो काढला. काय काढलं ते विचारू नका, लाज वाटेल असं काढलं. शेवटी कॉलेजच्या बाहेरच्या देवळातला अंगारा पुडीत बांधून बॅगेत टाकला. फिजिक्सचा माणूस! आणि टाकण्यापूर्वी ती पुडीसुद्धा काट्यावर मोजली. तीन ग्राम.

शुक्रवारी दुपारी मी घरी एकटा होतो. वैशाली बाहेर गेलेली. लाईट गेली होती. पंखा बंद, फ्रिज बंद, सगळं घर गप्प. बॅग बेडरूमच्या कोपऱ्यात, तिच्यासमोर जमिनीवर काटा. मी पलंगावर बसून दोघांकडे बघत होतो. आणि आवाज यायला लागला. धप्. थोड्या वेळाने परत धप्. भिंतीतून येतोय की जमिनीतून, कळेना. एका लयीत, सावकाश. धप्. धप्.

आणि काटा पेटला.

त्याच्यावर कुणीही नव्हतं. मी पलंगावर होतो, पाय वर घेतलेले. काट्याची हिरवी अक्षरं आपोआप उजळली. आधी शून्य आलं. शून्य तसंच राहिलं, लुकलुकलं. मग इंग्रजीत शब्द आला: एरर. मग परत अंधार.

मी कसा उठलो माहीत नाही. पण रविवार दोन दिवसांवर आला होता आणि मला आकडा हवा होता. बॅग छातीशी धरली, डोळे मिटून काट्यावर चढलो आणि एक डोळा उघडला. ऐंशी किलो चारशे. बॅग आठ किलो चारशे! दोन किलोच्या वर सामान काढून टाकलं होतं, आणि बॅग आठ किलो चारशे!

आणि खरं सांगू? मला ती तशीच लागत होती. खांदा ओढला जात होता. जिना चढताना दम लागत होता. पलीकडच्या अंगाने कुणीतरी तिला हळूहळू खाली खेचतंय असं वाटायचं.

रविवार उजाडला. अकराला सुधीर येणार होता, बरोबर निखिल. मी ठरवलं होतं, सरळ सांगायचं, निखिलला ने. कपाटातून पासपोर्ट काढला, उघडला, कोरी पानं बघितली आणि परत ठेवला. डोळ्यांत पाणी आलं हो. हसू नका, खरंच आलं.

दहा वाजता हिराबाई आली. आमची मासळीवाली. खाडीकडच्या गावातून येते, वय साठीच्या पुढे, आवाज चार मजले जाईल असा. बॅग दारातल्या पॅसेजमध्ये ठेवलेली. हिराबाईने डोक्यावरची पाटी हातात घेतली आणि म्हणाली, "सर, ही रिकामी बॅग जरा बाजूला करू? पाटी टेकवायची हाय."

"हात लावू नका!" मी ओरडलो. "रिकामी नाही ती. भरलेली आहे!"

पण तिने पाटी टेकवून बॅग उचललीसुद्धा होती. एका हाताने. दोनदा वरखाली केली, जशी सुरमई करते. "भरलेली? यात काय हाय? चार किलो. वर थोडं."

"हिराबाई, आठ किलो चारशे आहे ती."

"कोन म्हनतो?"

"काटा म्हणतो!"

"मंग तुमचा काटा बिघडलाय. माझा हात नाय बिघडला. चाळीस वरसं मासली इकते मी, कवा कुनाला कमी दिली का?" तिला भयंकर राग आला होता. पाटीच्या कडेला खोचलेला टांगता काटा तिने काढला, त्याचा आकडा बॅगेच्या पट्ट्यात अडकवला आणि बॅग माझ्या तोंडासमोर धरली. "वाचा! मास्तर हाव ना तुमी? वाचा!"

चार किलो दोनशे.

"हे कसं शक्य आहे?" माझा आवाज चिरकला. "मग बाकीचे चार किलो दोनशे गेले कुठे?"

हिराबाईने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. परत डोक्यापासून पोटापर्यंत आली आणि तिथे थांबली. "गेलं कुठं? तुमच्या अंगावर हाय. गेल्या महिन्यात हाच शर्ट तुमी बटनं लावून घालत होता. आता खालची दोन उघडी हायत."

मी खाली बघितलं. होती उघडी.

आत गेलो. बॅग न घेता, एकटा, काट्यावर चढलो. शहात्तर किलो दोनशे. दारामागचे बहात्तर माझ्याकडे बघत होते. तीन आठवडे मी जुना मी वजा करत होतो! पुरणपोळी, मटण-भाकरी, मोदक, अकरा पुऱ्या, सगळं मी बॅगेच्या नावावर घालत होतो आणि तिची बिचारीची पँट काढून घेत होतो.

वैशाली भिंतीला धरून हसत होती. "अहो, मला वाटलं प्रवासाला ताकद हवी म्हणून तुम्ही मुद्दाम खाताय!"

"आणि शुक्रवारचा काटा? तो आपोआप पेटला तो?"

"शुक्रवारी लाईट नव्हती ना? मिक्सर बंद, म्हणून जोशीकाकू खलबत्त्यात चटणी कुटत होत्या. तुमच्याचसाठी. डबा आलाय, फ्रिजमध्ये आहे. जमिनीला दणके बसले की पेटतो तो काटा, मी कितीदा बघितलंय."

शून्य. मग एरर. अहो, काट्याने मला तोंडावर सांगितलं होतं! अजून काय करणार होता बिचारा?

तेवढ्यात सुधीर आला, मागे निखिल. सुधीरने स्वतःचा काटा काढला, बॅग टांगली, वाचलं. परत वाचलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चार किलो दोनशे. तू? उशीवाला तू? मला वाटलं नव्हतं रे."

मी गप्प राहणार होतो. देवाशपथ गप्प राहणार होतो. पण हिराबाई बोंबील साफ करत म्हणाली, "चार किलो बॅगंत, चार किलो पोटात. हिशेब सरळ हाय."

सुधीरने मला काट्यावर चढवलं. दारामागचा आकडा बघितला. निखिल आशेने बघत होता.

"नियम बॅगेचा होता," सुधीर शेवटी म्हणाला. "बॅग पास." क्वालिटी कंट्रोलचा माणूस, नियमात लिहिलेलं नाही ते तपासत नाही. तिकीट तिथेच बसून काढलं. निखिलला तळलेले बोंबील देऊन परत पाठवलं.

गेलो हो मी व्हिएतनामला! पासपोर्टवर शिक्का आहे, दाखवीन नंतर. आठ दिवस एक पँट आणि अर्धा कंगवा. घाटात तिसऱ्या वळणाला माझे पाय थांबले. सुधीर मागून आला, एक हात माझ्या पाठीला लावला आणि ढकलायला लागला. वरपर्यंत ढकललं त्याने. मध्येच धापा टाकत म्हणाला, "ओझं बॅगेचं असतं तर मागच्यासारखं काढून घेतलं असतं रे. आता हे कसं काढून घेऊ?"

परत आल्यावर एक काम राहिलं होतं. आपटा. तो कागद. तो कुणाचा होता, त्या माणसाचं काय झालं, हे डोक्यातून जात नव्हतं. एका रविवारी सकाळीच गेलो. म्हातारी पडवीत तांदूळ निवडत होती. बघितल्याबरोबर म्हणाली, "परत घेनार नाय, सांगितलं होतं."

"परत नाही करायची. तुमच्या मुलाला भेटायचंय."

आतून तोच श्वास ऐकू आला आणि थांबला. जमीन हलली. अंधारातून एक तिशीतला, दार भरून उरेल असा माणूस डोळे चोळत बाहेर आला. मला बघून त्याचे डोळे मोठे झाले.

"सर? झिरो सर?"

माझा विद्यार्थी! रोशन. त्याने वाकून नमस्कार केला, उठायला त्याला वेळ लागला. मी म्हटलं, "अरे, तू त्या दिवशी आत होतास?"

"झोपलो होतो सर. दुपारी जेवल्यावर मला कोणी हलवायचं नाही, आईला माहितीय."

"आणि बॅग काठीने का काढली त्यांनी?"

"खिळा मी ठोकलाय ना. आईचा हात नाही पुरत."

मी खिशातून तो कागद काढला. "हे तू लिहिलंस?"

"हो. श्रीलंकेला जाणार होतो सायकलने. गावात कळलं आणि रोज एकेका घरी जेवण सुरू झालं. सर, मागची बाजू नाही बघितली?"

मी कागद उलटा केला. मागे दोन रकाने आखलेले होते. एकावर 'मी': ७९.५, ८०.३, ८१.१, ८२.२. दुसऱ्यावर 'बॅग': ४.६, ४.६, ४.६, ४.६. पेपर हातात मिळाला की आधी मागची बाजू बघा, हे मी दर परीक्षेला पोरांना ओरडून सांगतो.

"मग सायकल का सोडलीस रे?"

"जेवणं नाहीतर सायकल, दोन्हीतलं एक बंद करायचं होतं. मला गावात राहायचंय, सर."

आतून म्हातारीने हाक मारली, "मास्तर, जेवून जा. कोंबडी केलीय." मी बसलो. नाही कसं म्हणणार? ताटावर मी रोशनला विचारलं, "पण तुला पहिल्या दिवसापासून कसं सुचलं? दर वेळी आधी स्वतःचं वजन करायचं ते?"

"तुम्हीच शिकवलं की! प्रॅक्टिकलला झिरो एरर लिहिली नव्हती म्हणून तुम्ही माझे दोन मार्क कापले. त्या दोन मार्कांनीच नापास झालो. तेव्हापासून विसरत नाही." त्याने माझ्या पानात अजून एक तंगडी वाढली आणि अगदी भोळेपणाने विचारलं, "तुम्ही लिहिली होती ना, सर?"

माझे दोन मार्क गेले हो. रडलो तरी गेले.